परदेश दौऱ्याचा मुक्काम कुणाच्या घरी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राची इंटरनेट आवृत्ती मी लाइपझिगमध्ये राहून नियमितपणे वाचतो. पावसाळ्याच्या सुमारास ‘युरोपचा यशस्वी दौरा करून परतलेल्या’ गायक-वादकांच्या बातम्या त्यात येऊ लागतात. शहरांची यादी, सभागृहाचे वर्णन, उभे राहून टाळ्या वाजवणारे श्रोते आणि शाल पांघरलेल्या कलाकाराचे छायाचित्र असा त्यांचा मजकूर ठरलेला असतो. कलाकार त्या शहरात झोपला कुठे, रियाझ कुठे केला आणि त्याच्या राहण्याजेवण्याचा भार कोणी उचलला, याचा उल्लेख मात्र नसतो. मी पेशाने तबलावादक असल्यामुळे वर्षाचा बराच काळ स्वतः फिरतीवर असतो आणि उरलेला काळ फिरतीवर आलेल्या मित्रांची ऊठबस करण्यात जातो, म्हणून या गाळलेल्या मजकुराबद्दल लिहावेसे वाटले.

मोजके अपवाद वगळता आपल्याकडच्या कलाकाराचा जर्मनीतला कार्यक्रम शे-दीडशे श्रोत्यांच्या सभागृहात, चर्चच्या दालनात किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यात होतो. गायक, संवादिनीवादक आणि तबलजी अशा तिघांच्या प्रवासाचा व हॉटेलचा खर्च तिकिटांच्या रकमेतून वजा केला, तर मानधनाला नाव घेण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा हॉटेलच्या जागी मित्राचे घर येते. लाइपझिगहून बर्लिन आणि ड्रेस्डेन जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास, तर फ्रँकफुर्ट तीन तासांवर असल्यामुळे, तिन्ही ठिकाणी कार्यक्रम असलेल्या मंडळींना आमचे घर सोयीचे पडते. मीही कोलोन, बाझेल किंवा ॲमस्टरडॅमला गेलो की असाच कुणाच्या तरी सोफ्यावर झोपतो. हा व्यवहार परस्परांचा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो अदृश्य राहतो, याबद्दल आहे.

ही रीत नवीन नाही आणि निव्वळ आपलीही नाही. ज्या शहरात मी राहतो तेथे विख्यात संगीतरचनाकार योहान सेबास्टियन बाख 1723 पासून 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत टोमास चर्चचा संगीतप्रमुख होता आणि चर्चशेजारच्या शाळेच्या इमारतीतच त्याचे कुटुंब राहत असे. त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप एमानुएलने, 1775 साली एका चरित्रकाराला लिहिलेल्या पत्रात वडिलांच्या घराला चक्क कबुतरखान्याची उपमा दिली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांची तशी वर्दळ तेथे सतत असे. (दादरकरांना वेगळे स्पष्टीकरण नको.) 1739 च्या उन्हाळ्यात ड्रेस्डेनच्या दरबारातला विख्यात ल्यूटवादक (ल्यूट हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य) वाइस लाइपझिगला आला, तेव्हा या घरात झालेले वादन काही औरच होते, अशी नोंद त्या वेळी बाखकडेच राहणाऱ्या एलियास नावाच्या नातलगाने करून ठेवली आहे. हा एलियास काही वर्षे तेथे मुलांना शिकवत आणि बाखची पत्रे लिहीत होता. पुढे गावी परतल्यावर त्याने कृतज्ञतेने वाइनचे पिंप धाडले. त्याबद्दल 1748 मध्ये आभार मानताना बाखने वाटेत पिंप गळाल्याचे दुःख तर व्यक्त केलेच, शिवाय गाडीभाडे, हमाली आणि जकात यांचा पैन् पै हिशेब मांडून, भेट म्हणून हे फार महाग पडते, तेव्हा पुन्हा पाठवू नये, असेही कळवले. ज्या माणसाच्या घरात पाहुण्यांचा राबता होता, त्याला भेटवस्तूचा खर्च कागदावर मांडताना मुळीच संकोच वाटला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे आदरातिथ्य आणि हिशेब ही दोन नावे एका वाक्यात आली तरी लोक कानकोंडे होतात.

आता हिशेबाकडे येतो. त्यात पैसा दुय्यम आहे. पहिली गोष्ट आहे आवाजाची. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते, अनेक इमारतींच्या नियमावलीत दुपारची विश्रांतीही नमूद केलेली असते आणि रविवारी तर जमिनीवर खुर्ची सरकवतानाही विचार करावा लागतो. आउग्सबुर्गच्या एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाविरुद्ध त्याचे शेजारी न्यायालयात गेले होते. त्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये असे सांगितले की घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. ढोबळमानाने कामाच्या दिवशी 2 ते 3 तास आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी 1 ते 2 तास वाजवायला हरकत नसावी, मात्र दुपारच्या व रात्रीच्या शांततेच्या वेळा पाळल्या पाहिजेत. निकाल संगीतकारांच्या बाजूचा आहे आणि आम्ही सगळे तो आदराने उद्धृत करतो. पण ज्या घरात तबलजी राहतो, तेथे पहाटे चारला उठून खर्जाचा रियाझ करणारा गायक आणि संध्याकाळी उतरणारा संवादिनीवादक आला, तर या दोन-तीन तासांची वाटणी कशी करायची, हे न्यायालयाने सांगितलेले नाही. आमची इमारत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, लाकडी जमिनीची आहे. तबला आणि डग्ग्याखाली दुहेरी घोंगडी घातली तरी डग्ग्याची घीस, म्हणजे मनगट घासून काढलेला घुमारा, खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोहोचते. म्हणून पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी मी जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी लावतो: अमुक दिवस मित्र येत आहेत, अमुक वेळात सराव होईल, कोणाची परीक्षा किंवा आजारपण असल्यास कृपया दार वाजवावे, आणि शेवटच्या संध्याकाळी चहाला व ऐकायला जरूर यावे. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई आता ती चिठ्ठी लागली की कार्यक्रम कोणत्या वारी आहे ते विचारायला येतात. हे साधायला काही वर्षे लागली. ती वर्षे दौऱ्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नसतात.

हिवाळ्यात यात वाद्यांच्या आजारपणाची भर पडते. बाहेर शून्याखाली तापमान आणि आत रेडिएटरची कोरडी ऊब, त्यामुळे स्टेशनवरून घरी आणलेला तबला अर्ध्या तासात चढू लागतो. काळी एकच्या सुराला लावलेला असला तर चामडे ताणून धरणारी वादी केव्हा तुटेल याचा नेम नसतो. मिरजेहून आणलेल्या तानपुऱ्याचा भोपळा अशा हवेत तडकू शकतो, म्हणून बैठकीच्या खोलीत ओले टॉवेल दोरीवर टांगून ठेवावे लागतात आणि कलाकार त्या टॉवेलांखाली झोपतात. बातमीतल्या छायाचित्रात हे टॉवेल कधी दिसलेले नाहीत.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात सांगतो. रविवारी येथे दुकाने बंद असतात, स्टेशनातली काही सोडून. कार्यक्रम बहुधा शनिवारी रात्री आणि पाहुण्यांची भूक रविवारी सकाळी, त्यामुळे शुक्रवारीच सामान भरून ठेवावे लागते. आमच्या मार्गिकेत कायद्याने बसवलेले, धूर होताच इशारा देणारे यंत्र आहे, ते मोहरीच्या फोडणीला आग समजते. पाहुणे मिरच्या परततात आणि यजमान खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतो. हे काम माझी पत्नी माझ्यापेक्षा सफाईने करते आणि दौऱ्याच्या श्रेयनामावलीत तिचेही नाव नसते.

गाडी वेळेवर येईल असे धरून बेत आखणाऱ्या मित्रांना मी एक आकडा सांगत असतो. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या मोजणीनुसार 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या केवळ 62.5 टक्के गाड्या वेळेवर धावल्या, आणि या मोजणीत सहा मिनिटांहून कमी उशीर हा उशीरच धरला जात नाही. शिस्तीच्या देशाबद्दल महाराष्ट्रात ज्या आख्यायिका आहेत, त्यांना हे मानवत नाही. पण संध्याकाळच्या मैफलीसाठी दुपारच्या गाडीने निघण्याचा आग्रह धरणाऱ्या कलाकाराला हा आकडा ऐकवण्यावाचून दुसरा इलाज नसतो. जेवण झाकून ठेवून मध्यरात्री स्टेशनवर थांबणारा माणूस दर वेळी यजमानच असतो.

हे सगळे असूनही मी दार उघडे का ठेवतो, हेही सांगायला हवे. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता टोमास चर्चमध्ये मोटेटचे, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या धार्मिक रचनांचे, गायन असते. 1212 साली स्थापन झालेली मुलांची गायकमंडळी बहुतेक आठवडे तेथे गाते आणि प्रवेशिकेला किरकोळ पैसे पडतात. ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेल्या एका मित्राला मी तेथे नेले होते. तो सवयीने मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसला. कोरालच्या, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राच्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर ताणून धरला जाई आणि त्याची मोजणी तुटे. तिसऱ्या ओळीला त्याने माझ्याकडे वळून हळूच विचारले, “सम कुठे धरायची?” घरी परतल्यावर जेवणाच्या टेबलाशी त्याने विलंबित ख्यालाचा मुखडा तसाच प्रत्येक ओळीअखेर थांबवून म्हणून पाहिला, मग तो ठेक्यात बसवण्यासाठी मला टेबलावरच बोल वाजवायला लावले, आणि चूक कुठे होते यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. मैफलीत तो उत्तम गायला, पण त्या टेबलाशी जे ऐकायला मिळाले, त्याचे तिकीट कोणी काढू शकणार नाही. लाइपझिगकरांनाही या गोष्टीची चव आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी शहरातले अनेक नागरिक आपली घरे संगीतासाठी उघडतात आणि अनोळखी श्रोते बूट काढून परक्या दिवाणखान्यात बसतात. एरवीच्या घरगुती मैफलीतही दाराशी टोपी ठेवलेली असते. तिच्यात जमलेले पैसे कलाकाराचे असतात, आणि ते तसेच असावेत असे माझे मत आहे.

माझा आक्षेप आहे तो संस्थांच्या गृहीत धरण्यावर. एका हौशी संस्थेने पुण्याच्या कलाकाराला ‘राहण्याची व्यवस्था झाली आहे’ असे लेखी कळवले. ती व्यवस्था म्हणजे माझे घर आहे, हे मला त्या कलाकाराच्या संदेशावरून समजले. त्या आठवड्यात मी स्वतः व्हिएन्नात होतो. व्हिसाचेही तेच. यजमानाने हमीपत्र द्यायचे असेल, तर त्याला परदेशी नागरिक कार्यालयात आपले उत्पन्न दाखवावे लागते, 29 युरो शुल्क भरावे लागते आणि पाहुण्याचा खर्च सरकारवर पडल्यास तो आपण भरू अशी कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. ही सही मित्रासाठी मी आनंदाने करीन. पण कार्यक्रम मानधनाचा असताना ‘मित्रभेट’ दाखवून व्हिसा काढावा, असे सुचवणाऱ्या आयोजकासाठी ती करणार नाही. करांचेही स्वच्छ बोलले जात नाही. परदेशातून आलेल्या कलाकाराच्या मानधनातून आयोजकाने 15 टक्के कर आणि त्यावरचा अधिभार कापून भरायचा असतो; एका कार्यक्रमाचे मानधन 250 युरोंपेक्षा अधिक नसेल तर ही कपात होत नाही. प्रवासाचा आणि मुक्कामाचा प्रत्यक्ष झालेला खर्च आयोजकाने दिला, तर तो या मानधनात धरला जात नाही. म्हणजे मुक्कामाचा खर्च उघडपणे मांडण्यात कलाकाराचे नुकसान नाही. जर्मनीत राहणाऱ्या आमच्यासारख्या स्वतंत्र कलाकारांचा विमा आणि निवृत्तिवेतन यांसाठी 1983 पासून वेगळी व्यवस्था आहे. तिच्यात निम्मा हप्ता कलाकार भरतो आणि उरलेला सरकार व कलेचा वापर करणाऱ्या संस्था मिळून भरतात. कलाकाराच्या म्हातारपणाचा जेथे इतका बारीक विचार झाला आहे, तेथे त्याच्या तीन रात्रींच्या झोपेचा विचार करणे आयोजकांना अवघड जाऊ नये.

म्हणून जर्मनीतल्या मराठी मंडळांना आणि संगीतसंस्थांना माझी विनंती आहे की, निमंत्रणपत्रात मुक्काम कोणाकडे, किती रात्री, सरावाला कोणत्या वेळा आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये विश्रांतीचा दिवस कोणता, हे यजमानाला विचारून लिहावे. घरी उतरवायचे असेल तर निदान आठवड्याचे वाणसामान आणि शहरातली तिकिटे संस्थेच्या खर्चात धरावीत. ‘मलाही तिकडे बोलवा’ असे लिहिणाऱ्या तरुण मुलामुलींनी बातम्यांतली शहरे न मोजता, त्या शहरांत आपल्याला ओळखणारी घरे किती, याचा अंदाज आधी घ्यावा. आणि आपल्या वार्ताहरांनी परतलेल्या कलाकाराची मुलाखत घेताना मुक्काम कुठे होता हे विचारले, तर त्या एका वाक्याला फार जागा लागणार नाही.

जाता जाता एक सूचना. जूनमध्ये येथे बाख महोत्सव असतो. त्या दिवसांत कोणी लाइपझिगचा कार्यक्रम ठरवणार असेल, तर कृपया आधी फोन करावा. शहरातली हॉटेले तेव्हा भरलेली असतात आणि आमची बैठकीची खोली यंदा एका सारंगीवादकाला देऊन झाली आहे.

आपला नम्र,
लाइपझिगमधील एक तबलावादक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)