काट्याच्या पावतीपासून कॅस्केडपर्यंत: केमिस्ट काकांना पत्र

ती. केमिस्ट काका,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पाऊस किती झाला गं तिकडं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. सांगली-साताऱ्याकडे प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस करणाऱ्या प्रकल्पांत रेकॉर्डच्या टेबलावर बसणाऱ्यांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

आमच्याकडे दुसरा डायजेस्टर (प्रेसमड आंबवून गॅस काढायची बंद टाकी) घालायचं ठरलं आणि कागदांचं काम माझ्याकडे आलं. आकड्यांची कमतरता नव्हती. पावत्या काट्यावर, पीएच लॅबच्या वहीत, कच्च्या गॅसचं मीटर स्काडात (यंत्रांची रीडिंग गोळा करणाऱ्या कॉम्प्युटरवर), भरलेल्या कॅस्केडचं, म्हणजे गॅस न्यायच्या सिलिंडरांच्या जोडसंचाचं, वजन डिस्पॅचकडे. ज्याचा त्याचा आकडा बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. प्रदूषण मंडळाला एक, गॅस घेणाऱ्या तेल कंपनीला दुसरा आणि केंद्र सरकारच्या गोबरधन पोर्टलवर तिसराच आकडा जायची धास्ती. त्यात सॉफ्टवेअर विकणारे दारात बसलेलेच.

तुम्ही आलात आणि पहिलंच विचारलंत, "तुमचा अननोन लॉस किती?" साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसातून आलेली पोल (मोजलेली साखर) बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, किती गेली, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती, हे रोज मांडतात आणि जे कुठेच सापडत नाही ते अननोन. हाच हिशोब तुम्ही मिथेनला, म्हणजे आमच्या गॅसमधल्या जळणाऱ्या भागाला, लावलात.

खरी गोम घनमीटर आणि किलोत होती. कच्चा गॅस घनमीटरमध्ये मोजायचा आणि विकायचा किलोवर. आपल्याकडच्या एप्रिलात ४० अंशांना तोच गॅस शून्य अंशापेक्षा जवळपास १५ टक्के जास्त जागा घेतो, मग मीटर फुगलेलंच दिसणार. आधी तापमान-दाब लावून नॉर्मल (शून्य अंश आणि साध्या हवेच्या दाबाचे) घनमीटर काढा, त्याला मिथेनच्या टक्क्यानं गुणा, मग ०.७१७ नं (एका नॉर्मल घनमीटर मिथेनचं किलोतलं वजन), की किलो आले. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं मिथेन एका ओळीत बसलं, की मधला फरक शोधता येतो: फ्लेअरला (जादा गॅस जाळायच्या ज्योतीत) जळालं, शुद्धीकरणात कार्बन डायऑक्साइडबरोबर निसटलं, की मीटरचं कॅलिब्रेशन सरकलं. निसटलेल्या किलोचे पैसे तर जातातच, वर शंभर वर्षांच्या हिशोबात ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतं.

पावतीवर ढिगाचं वय लिहायची तुमची अट आधी सगळ्यांना किरकिर वाटली. पण प्रेसमड उघड्यावर पडून राहिला की त्यातला सेंद्रिय भाग घटत जातो. पावसाळ्यात टनामागे गॅस का कमी पडतो, यावरून शिफ्ट-शिफ्टमध्ये लागणारं भांडण त्या एका रकान्यानं मिटलं.

प्रत्येक कॅस्केडला त्या वेळचंच ॲनालायझरचं (गॅसमधले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग जोडायचं, दिवसाची सरासरी नाही, हेही तुमचंच. आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड धरून एकूण गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत लागतं. सरासरीत एखादी वाईट भरणी सहज लपते. आणि आकडा खोडायचा नाही: एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, वेळ. एक्सेलमध्येही तसाच वेगळा रकाना.

२०१९ च्या पुरानंतर वह्या वरच्या मजल्यावर ठेवायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. स्काडाचा कॉम्प्युटर मात्र खालीच होता! तो तुम्ही उचलायला लावलात.

वाढीव उत्पादन म्हणजे मंडळाची नव्यानं स्थापना संमती, मग चालवण्याची. साठा वाढला की पेसोची, म्हणजे केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची, परवानगी. शिवाय दर ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरण. आता हे सगळे आकडे एकाच तक्त्यातून निघतात. शहर गॅस कंपन्यांवरचं आमच्यासारखा जैव गॅस मिसळण्याचं बंधन २०२५-२६ च्या १ टक्क्यावरून २०२८-२९ ला ५ टक्क्यांवर जाणार, म्हणजे तिसरा डायजेस्टरही कुणीतरी काढेलच. काढू देत.

एक काम उरलंय. डायजेस्टरमधून निघणाऱ्या आंबवलेल्या सेंद्रिय खतावर २०२५-२६ पर्यंत टनाला १५०० रुपयांचं सरकारी साहाय्य जाहीर झालेलं आहे, पण त्याच्या विक्रीच्या नोंदी अजून बॅचला जोडलेल्या नाहीत. गाळप सुरू व्हायच्या आत एक चक्कर मारा. काकूंनाही आणा.

आपली,
रेकॉर्डच्या टेबलावरची,
वाळवा तालुका, जि. सांगली