तुम्ही आधी हात चोळलेत

डॉक्टर मॅडम,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कोण जाणे. रोज किती पोटं तपासत असाल! जाडजूड निळी फाइल छातीशी धरून आलेली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत हं" असं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगून मोकळी झालेली बाई, ती मी.

असं बोलायची सवय मला तुमच्याआधीच्या तिघांनी लावली होती. एकांनी एंडोस्कोपीच्या कागदावर पेनाने टकटक केली आणि म्हणाले, "इथे काही नाही, जे आहे ते मनात आहे." दुसऱ्यांचं प्रिस्क्रिप्शन माझं वाक्य संपायच्या आत लिहून झालं होतं. तिसरे तर माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "यांना जरा कशात तरी गुंतवा." मॅडम, त्या दिवसांत मला अंघोळीला निवांत दहा मिनिटं मिळत नव्हती. आणखी कशात गुंतायचं होतं मी?

पुढे एकदा वाचनात आलं, की १९८४ साली अमेरिकेत दवाखान्यातली संभाषणं टेप करून मोजली, तेव्हा रुग्ण आपलं म्हणणं सांगायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. वाचून मला हसूच फुटलं. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांना १८ सेकंद म्हणजे चैन वाटली असती.

तुम्ही काय केलंत? फाइल बंद करून बाजूला सरकवलीत. मी तपासायच्या टेबलावर आडवी झाले, तेव्हा तुम्ही दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळलेत, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलेत आणि पुरेसे ऊबदार वाटले नसावेत, म्हणून पुन्हा चोळलेत. मग हात पोटावर ठेवलात. दाबला नाहीत, नुसता ठेवलात. "कधीपासून?" एवढंच विचारलंत आणि गप्प राहिलात. हात तिथेच.

तो हात तिथे होता म्हणून मी बोलले. पोटाबद्दल सुरुवात केली आणि आईवर जाऊन पोचले. तिचा स्मृतिभ्रंश, रात्री उठून दाराची कडी काढून बाहेर पडणं, आणि चार वर्षं त्या कडीच्या आवाजावर कान ठेवून झोपणारी मी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पोटदुखीत त्याचा काय संबंध? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे चार वर्षं तुमचं पोटसुद्धा जागंच आहे."

मग तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन आईच्या औषधांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं, आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. धोका आहे असं मेंदूला वाटलं की रक्त हातापायांकडे वळतं आणि आतड्याची चाल बिघडते. पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, ती काही नुसती बोलायची पद्धत नव्हे. हे वर्षानुवर्षं चाललं की त्या नसा हळव्या होतात. दुसऱ्याला कळणारही नाही इतक्या गॅसनेसुद्धा कळ येते. "दुर्बिणीतून भिंतीवरची जखम दिसते," तुम्ही म्हणालात, "भिंत किती हळवी झालीय ते दिसत नाही. दुखणं खरं आहे तुमचं."

मी रडले ते या 'खरं' शब्दावर. आधीच्यांनीही मनाचंच नाव घेतलं होतं की! पण त्यांच्यासाठी मन म्हणजे अडगळीची खोली. जे कुठे मावत नाही ते तिकडे टाकायचं आणि दार ओढून घ्यायचं. तुम्ही त्या खोलीत दिवा लावून आत आलात.

आणि सगळंच मनावर ढकललंही नाहीत. जठरातल्या अल्सरचं खापर कित्येक वर्षं काळजी आणि चिडचिडीवर फोडलं जायचं, मग वॉरेन आणि मार्शल यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं, हे तुम्हीच सांगितलंत. वर दम भरलात, "वजन उतरलं, शौचातून रक्त पडलं, दुखण्याने रात्री जाग यायला लागली, तर टेन्शन असेल म्हणून घरी बसायचं नाही. सरळ इकडे यायचं."

माझ्या बोटाचंही तसंच. विळीने कापलेलं बोट महिना होत आला तरी भरत नव्हतं. तुम्ही आधी साखर तपासून घेतलीत, आणि ती ठीक निघाल्यावरच १९९५ सालच्या त्या अभ्यासाची गोष्ट सांगितलीत. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर मुद्दाम छोटीशी जखम केली. त्यांच्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा ती भरून यायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. माझं बोट त्यातलंच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या तेरा जणी कडीच्या आवाजावर कान ठेवूनच झोपत असणार, एवढं मला न सांगता कळलं.

औषधं, पथ्य, श्वासाचे व्यायाम, ताईंना महिन्यातून आठ दिवस आईकडे बोलावून घेणं, या सगळ्याबद्दल लिहीत बसत नाही. त्याचा उपयोग झालाच. तरी मनात घर करून बसलेत ते चोळलेले हात. म्हटलं तर किती क्षुल्लक गोष्ट! पण २००८ सालचा एक अभ्यास आहे, माझ्यासारखीच आतडी असलेल्या २६२ जणांवरचा. ज्यांना नुसतं थांबवून ठेवलं त्यांच्यातल्या २८ टक्क्यांना तीन आठवड्यांत बऱ्यापैकी आराम पडला. ज्यांना फारसं न बोलता ॲक्युपंक्चरच्या खोट्या, न टोचणाऱ्या सुया लावल्या त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना. आणि त्याच खोट्या सुया, पण आधी आस्थेने ऐकून घेऊन, समजून घेऊन लावल्या, तिथे ६२ टक्क्यांना. म्हणजे माणुसकीचाही गुण येतो, आणि तो मोजताही येतो. खरं तर तो आकडा नसता तरी माझं काही अडलं नसतं. बसमध्ये सरकून जागा देणारा, फोनवर "घाई नाही, सावकाश सांगा" म्हणणारा माणूस भेटला की खांदे आपोआप खाली येतात, हे कुणाला ठाऊक नाही? मला ते चार वर्षांत विसरायला झालं होतं, इतकंच.

पोट अजून कधीमधी दुखतं. पण आता दुखलं की मी घाबरत नाही, आणि लाजत तर नाहीच. 

आणि एक सांगायचं राहिलं. आईची कूस बदलताना मीही आता आधी हात चोळते. पूर्वी गार हात लागला की ती अंग चोरायची, चिडायची. परवा तिने माझा हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मी कोण ते तिला आठवलं नाही. "ऊन लागतंय," एवढंच म्हणाली.

तुमची,
निळ्या फाइलवाली