'युद्ध आणि शांती' वाचून संपली

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वाढदिवसाला पाठवलेली टॉलस्टॉयची कादंबरी परवा वाचून संपली. कशी वाटली, असे तू फोनवर दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, म्हणून हे पत्र. माझी निराशा झाली. पृष्ठसंख्येमुळे नव्हे आणि एकेका माणसाच्या तीन-तीन नावांमुळेही नव्हे, कारण त्यांची यादी मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली होती.

नेपोलियनच्या फौजेशी रशियन सैन्याची झालेली शोंग्राबर्नची लढाई मी दोनदा वाचली. सेनापती बाग्रातिओन प्रत्यक्षात हुकूम देतच नाही, जे आपसूक घडते आहे ते आपल्याच मनाजोगे घडते आहे असे फक्त भासवतो, हे कादंबरीतल्या तरुण अधिकाऱ्याच्या, प्रिन्स आंद्रेईच्या, ध्यानात येते. आणि तिकडे ठेंगणा कॅप्टन तुशिन, ज्याच्या तोफा वरिष्ठ विसरूनच गेले, तो एकटा लढत राहतो आणि वर मागे राहिलेल्या तोफांचा जाब विचारला जाताच अपराध्यासारखा गप्प उभा राहतो. इतिहास बड्यांच्या इच्छेने घडत नाही, हे मला तेथेच पटले होते. तरीही टॉलस्टॉय पुढे तेच बजावत राहतो आणि उपसंहाराच्या दुसऱ्या भागाची बाराही प्रकरणे म्हणजे तर निव्वळ व्याख्यान आहे: नायक पियेर नाही, नायिका नताशा नाही, केवळ सत्ता आणि इच्छास्वातंत्र्य यांचा खल. (आगगाडीचे इंजिन सैतान चालवतो म्हणणारा शेतकरी तेवढा गमतीचा.) कीर्तनात निरूपण पूर्वरंगात होते आणि आख्यान उत्तररंगात, येथे आख्यान रंगून आरतीची वेळ झाल्यावर बुवांनी पुन्हा निरूपणाला हात घातला.

हा माझा अडाणीपणा समजू नकोस. कादंबरीचे पहिले दोन खंड उदात्त आहेत, पण तिसरा भयंकर घसरतो, असे फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने रशियन लेखक तुर्गेनेव्हला कळवले होते. आणि १८७३च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनेच यातले बरेचसे चिंतन कथेतून काढून परिशिष्टात टाकले होते. पुढे ते परत आले, हे माझे दुर्दैव.

माझ्यापुरती कादंबरी उपसंहाराच्या पहिल्या भागाशीच संपते. आंद्रेईचा पंधरा वर्षांचा पोरका मुलगा स्वप्नातून दचकून जागा होतो आणि वडिलांनाही समाधान वाटेल असे काही तरी करीन, असे मनाशी म्हणतो. त्या पानात मी मोरपीस ठेवले आहे. दिवाळीला आलास की खरे सांग, शेवटची बारा प्रकरणे तू तरी वाचली आहेस का?

तुझी,
आई