संग्रहालयांत बिनपगारी राबणाऱ्या हातांविषयी सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका कला संग्रहालयातल्या प्रशिक्षणार्थींना कळवण्यात आलं की, जाहिरातीत कबूल केलेलं विद्यावेतन मिळणार नाही, निधी नाही. तोवर काम पुरं झालं होतं. तीन महिने, आठवड्याचे सहा दिवस, रोज सात तास, म्हणजे ५४६ तास. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कार्यप्रशिक्षणाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास लागतात, चार श्रेयांकांना १२०. उरलेले ४२६ तास शिक्षण नव्हते, मजुरी होती. तिचा मोबदला बुडवला गेला.

आपण कामात असता, म्हणून आधी हे काम काय असतं ते सांगतो. एका लघुचित्राची नोंद नीट करायची तर किमान ४० मिनिटं जातात. चित्र उचलण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायचं. मापं सेंटिमीटरमध्ये, आधी उंची, मग रुंदी. रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून पुढून-मागून छायाचित्रं. मग दिवा बाजूने, अगदी तिरका धरून बघायचं, कारण सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. तपकिरी डाग, कसरीने खाल्लेल्या कडा, जुन्या चिकटपट्टीचे पिवळे ओरखडे, सगळं जागेनिशी लिहायचं. कागदावर क्रमांक घालायचा तो मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीनेच. धातूवर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर, म्हणजे पुढे कधी क्रमांक काढावा लागला तर वस्तूला इजा होत नाही. पैठणीला क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची.

असं केलं तर दिवसाला दहा वस्तू होतात. यादी मात्र चाळीसची दिली जाते. मग मापं कुठे इंचात, कुठे सेंटिमीटरमध्ये पडतात, एकच क्रमांक दोन वस्तूंना जातो, पितळेच्या मूर्तीपुढे अंदाजाने ‘पंचधातू’ लिहिलं जातं. हीच माहिती पुढे ‘जतन’ संगणकप्रणालीत चढते. ती प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने तयार केली आहे आणि चांगली आहे, पण चुकीची नोंद तिच्यातही चुकीचीच राहते. उद्या मूर्ती चोरीला गेली तर पोलिसांना दाखवायला हीच नोंद असणार आहे, साहेब.

साठागाराची, म्हणजे प्रदर्शनात नसलेल्या वस्तू ठेवण्याच्या खोलीची, अवस्था याहून वाईट असते. कागद आणि कापडासाठी आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत हवी, ६५च्या वर बुरशीला वाव मिळतो. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८०-८५ सहज असते. आर्द्रताशोषक यंत्राची बादली भरली की यंत्र बंद पडतं, म्हणजे रविवारी आणि रात्रीही कुणीतरी ती रिकामी करायला हवी. सिलिका जेलचा रंग पालटला की ते भट्टीत तापवून सुकवावं लागतं. हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तीच निकामी पुडी वर्षभर कपाटात पडून राहते. डांबरगोळ्या टाकू नयेत, त्यांची वाफ वस्तूंनाही बाधते आणि बंद खोलीत काम करणाऱ्या मुलामुलींनाही. तरी त्या टाकल्या जातात, कारण स्वस्त आहेत.

सोनेरी चौकटींचंच बघा. वर्खाखाली खडू आणि सरस यांचा लेप असतो. तो पाण्याने विरघळतो. धूळ दिसली म्हणून नव्या स्वयंसेवकाच्या हातात ओलं फडकं दिलं, तर शंभर वर्षांचं काम पाच मिनिटांत पुसलं जातं. त्याला मऊ केसांचा ब्रश हवा, आणि धूळ ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं हवं, म्हणजे सुटलेला तुकडा आत जात नाही. चौकट वरच्या पट्टीला धरून कधीच उचलायची नाही; एक हात खाली, एक बाजूला, आणि मोठी असेल तर दोन माणसं. चकचकीत चिनी मातीचं भांडं उचलताना सुती हातमोजे घालू नयेत, ते सटकतं. हे शिकवायला दोन दिवस पुरतात. पण शिकवणार कोण? सहायक अभिरक्षकाची (क्युरेटरची) खुर्ची रिकामी असते, आणि ती भरण्याची निकड कुणाला वाटत नाही, कारण बिनपगारी मुलं दर तीन महिन्यांनी नवी मिळतात. आमचं खरं भांडण इथे आहे. स्वयंसेवेच्या नावाखाली पदं मारली जात आहेत, आणि नुकसान चित्रांना भोगावं लागतं.

दालनात मुलांना फिरवणाऱ्या स्वयंसेवकांची गत वेगळी नाही. एका माणसामागे वीस-पंचवीस मुलं, चाळीस मिनिटं, पाचच कलाकृती, तर मुलं बघायला शिकतात. प्रत्यक्षात शंभर मुलांची सहल एकाच्या अंगावर सोडली जाते. दप्तरं बाहेर ठेवायची सोय नसते. जलरंगांना ५० लक्सच्या आतला मंद उजेड लागतो, त्या अंधूक दालनात पाठीवरचं दप्तर चित्राला घासतं आणि बोलणी स्वयंसेवक खातो. जिन्यावरून तो पडला तर विमा नाही.

निधी नाही, हे आम्ही मान्य करत नाही. याच राज्याने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये, पदविकाधारकाला ८,००० आणि बारावी झालेल्याला ६,००० ठरले. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखालच्या २०१९च्या नियमांतही पदवीधराला किमान ९,००० ठरले होते. मग संग्रहालयातल्या मुलांना शून्य का? तिकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही २०२० साली ५० लाख डॉलरची देणगी मिळाल्यावरच सगळं प्रशिक्षण सवेतन केलं. म्हणजे श्रीमंत संस्थेलाही पैसा वेगळा काढूनच ठेवावा लागला. इथे उद्घाटनाच्या मांडवाला, हारतुऱ्यांना, कोनशिलेला तरतूद असते आणि दिव्यांची निविदा दर काही वर्षांनी निघते. माणसांचं पान तेवढं कोरं राहतं. ही फक्त आपल्या खात्याची गोष्ट नाही. ग्रंथालयं, अभिलेखागारं, शाळा, सगळीकडे कायम कामाला तात्पुरता माणूस नेमायची सवय या व्यवस्थेला लागली आहे.

बिनपगारी प्रशिक्षण कुणाला परवडतं? ज्याचं घर संग्रहालयाच्याच गावात आहे त्याला. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३पासूनचं. तिथे राहून शिकावं असं कोल्हापूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला वाटलं, तर खोलीभाडं आणि एसटीचा पास ती कशातून भरणार? तिचे डोळे, तिची भाषा, तिच्या गावचं वस्तूंचं ज्ञान संग्रहालयात येतच नाही.

आम्हाला शासन निर्णय हवा. प्रशिक्षणार्थीला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्याच दराने विद्यावेतन, दर महिन्याला थेट खात्यात. स्वयंसेवकाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा, प्रवासखर्च आणि अपघात विमा. पहिले दोन दिवस फक्त हाताळणीचं शिक्षण, ते झाल्याशिवाय साठागाराची किल्ली नाही. पाच प्रशिक्षणार्थींमागे एक कायम अभिरक्षक, आणि तो नसेल तिथे प्रशिक्षणार्थी घेऊच नयेत. बुडालेलं विद्यावेतन आधी चुकतं करा.

पुढची तुकडी जूनमध्ये येईल, पाऊसही तेव्हाच येतो. त्याआधी निर्णय निघाला नाही, तर आर्द्रताशोषकाची बादली रविवारी कोण रिकामी करणार, ते आम्हाला लेखी कळवावं.

आपले,
राज्यातल्या कला संग्रहालयांचे काही स्वयंसेवक व प्रशिक्षणार्थी