हेल्मेट संध्याकाळी परत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडच्या खुल्या कोळसा खाणीवर नुकताच सुरक्षा पंधरवडा साजरा झाला. गेटवर कमान, घोषणांचे फलक आणि रस्त्यावर दिवसातून चारदा पाण्याचा टँकर. तेवढे दिवस धूळ बसली, म्हणून खाणीलगतच्या कापसाच्या पऱ्हाटीची बोंडंही पांढरी दिसली!

शेजारचा पोरगा तिथे ठेकेदाराच्या टिपरवर आहे. पाहुणे यायच्या दिवशी त्याला नवंकोरं हेल्मेट मिळालं. संध्याकाळी मात्र बोडखाच घरी आला. विचारलं तर म्हणाला, "काका, पाळी सुटली का वापस घेतेत न ते. दुसऱ्या पोट्ट्याले लागते." हसत हसत मोरीवर गेला, चूळ भरली. पाणी काळं.

मी भूमिगत खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे पाळीवरच्या माणसांची सुरक्षा पाहणारा, होतो. पाळी लागण्याआधी काठीने छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला की माणसं मागे घ्यायची आणि आधार लागल्याशिवाय कुणालाही पुढे सोडायचं नाही. छत निदान वाजतं तरी. धूळ वाजत नाही. कोळशाची अन् दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचत राहते, दम लागेस्तोवर बराच उशीर झालेला असतो आणि न्यूमोकोनिओसिस किंवा सिलिकोसिस हा धुळीचा रोग एकदा झाला की फुप्फुस पहिल्यासारखं होत नाही. गावात तर खोकला दिसला की आधी टीबीचाच संशय. रुग्ण खाणीत काम करतो का, हे विचारायचं राहूनच जातं.

या पोराचा एक्स-रे कधी काढला, असं मी खाणीच्या ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, "तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे."

हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले. १९५२ च्या खाण कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदाराला मालकासारखाच कायदा लागू, पण त्यामुळे मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. ती पळवाट कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच बुजवली होती. आता त्या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची २०२० ची संहिता आणली आहे, म्हणून धूळ काही माणसाचा मालक विचारून नाकात शिरत नाही.

१९५५ च्या खाण नियमांत कामावर घेताना वैद्यकीय तपासणी आणि पुढे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी सांगितली आहे. तिचा दाखला म्हणजे 'फॉर्म ओ'. त्याची एक प्रत कामगाराच्या हातात द्यायची असते. कायम कामगारांच्या तपासण्या होतात, हे मान्य. माझ्याही वेळेवर झाल्या. पण या पोराने तो कागद डोळ्यांनी पाहिलेला नाही. "ठेकेदाराजवळ आहे म्हणते," एवढंच त्याला ठाऊक. तपासणी खरंच झाली की नुसता कागदच झाला, देव जाणे.

खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, फार दूर नाही. तिथल्या साहेबांना विनंती, की एकदा न कळवता या. कमान नको, हारतुरे नकोत. वजनकाट्यावर रांगेत उभ्या असलेल्या टिपरवाल्यांना खाली उतरवा आणि ज्याचा त्याचा फॉर्म ओ मागा. आणि जमलं तर पाळी सुटायच्या वेळी या, हेल्मेटं गोळा होतात तेव्हा.

आपला,
एक निवृत्त मायनिंग सरदार
ता. वणी, जि. यवतमाळ