चीनने घाना विकत घेतला का? अक्राहून एका मित्राला

अक्रा, घाना

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू नेहमीच्या खवचटपणाने विचारलंयस, "तुझा घाना चीनने विकत घेतला म्हणतात, भाडं आता युआनमध्ये भरतोस का?" भाडं सेडीतच, म्हणजे घानाच्या चलनातच भरतो बाबा, तेही दोन वर्षांचं आगाऊ. इथे तसाच रिवाज आहे आणि त्यात चीनचा काही हात नाही.

पण प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

चीन इथे काल-परवा आलेला नाही. १९६० सालीच घानाने पेकिंगच्या (आताच्या बीजिंगच्या) सरकारला मान्यता दिली. जानेवारी १९६४ मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय अक्रात येणार होते, आणि नेमका त्याच महिन्याच्या सुरुवातीला घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्यावर एका पोलीस शिपायाने गोळ्या झाडल्या. एन्क्रुमा वाचले, पण समुद्राकाठच्या ओसू किल्ल्यातून बाहेर पडेनात. दुसरा कोणी असता तर दौराच रद्द केला असता. चाऊ आले. यजमानांनी विमानतळावर यायची गरज नाही, सगळे कार्यक्रम किल्ल्यातच उरकू, असं त्यांनीच सुचवलं. परकीय मदतीची चीनची ती प्रसिद्ध आठ तत्त्वं याच दौऱ्यात जाहीर झाली. मदतीला अटी नकोत, कर्ज बिनव्याजी किंवा कमी व्याजाचं हवं आणि शेवटचं म्हणजे चिनी तज्ज्ञांनी स्थानिक तज्ज्ञांसारखंच राहायचं, वेगळे चोचले नाहीत. हे शेवटचं मला फार आवडतं. इथल्या बड्या विदेशी सल्लागारांचे बंगले पाहिलेस की का ते कळेल.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, एन्क्रुमा पेकिंगला पोचले आणि मागे अक्रात लष्कराने सत्ता घेतली. आपली खुर्ची गेली हे त्यांना चीनमध्ये कळलं. नव्या राजवटीने चिनी तज्ज्ञांना घरी पाठवलं, वर्षअखेरीआधी संबंधही तोडले. ते जुळले १९७२ मध्ये. मधल्या काळात, १९७१ साली, संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा पेकिंगची की तैवानची यावर मतदान झालं तेव्हा घानाने पेकिंगच्याच बाजूने मत दिलं होतं. आपल्या एका मताला काय किंमत आहे, हे घानाच्या लोकांना तेव्हापासून कळतं.

आता शहरात फिर. पांढऱ्या जहाजासारखं दिसणारं राष्ट्रीय नाट्यगृह चिनी मदतीने उभं राहिलं. परराष्ट्र मंत्रालयाची नवी इमारतही त्यांचीच. आणि राष्ट्राध्यक्षांचं जुबिली हाऊस? अशांती राजांच्या सिंहासनाच्या आकाराची ती इमारत भारताच्या कर्जातून झाली, बांधली आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजीने. टेमा बंदर ते म्पाकादान हा नवा रेल्वेमार्गही भारतीय एक्झिम बँकेच्या (निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेच्या) पैशातून ॲफकॉन्स या आपल्याच कंपनीने टाकला. त्यामुळे "चीन पैसे देतो आणि कंत्राट आपल्याच कंपनीला देतो" असं कोणी तावातावाने सांगायला लागलं की मी गप्प बसतो. आपल्या कर्जातही साधारण पाऊण माल-सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. रक्कम त्यांची मोठी, पद्धत तीच.

खरी मेख आहे ती तारणात. वायव्येकडे काळ्या व्होल्टा नदीवर बुईचं धरण आहे, ४०० मेगावॉटचं. २०१३ मध्ये ते पूर्ण झालं, बांधलं सायनोहायड्रो या चिनी कंपनीने, पैसा चिनी एक्झिम बँकेचा. कर्जफेडीची हमी काय, तर कोको! चीनला विकलेल्या कोकोचे पैसे एका वेगळ्या खात्यात जमा व्हायचे आणि हप्ता तिथूनच वळता व्हायचा. तुला हे समजावून सांगायला नको. ऊस अजून रानात उभा असताना कारखान्याकडून उचल घ्यायची, मग भाव किती आला, वजन कोणी केलं, हे विचारायची ताकदच राहत नाही. तरी बुई मला वाईट सौदा वाटत नाही. बाराशेवर माणसं उठवली गेली, पाणघोड्यांचं रान बुडालं, हे खरंच. पण वीज मिळते आहे, आणि त्याआधी कित्येक वर्षं हे धरण नुसतं कागदावर होतं, दुसरा कोणी पैसे घालायला तयार नव्हता.

२०१८ चा सौदा मात्र मला पटला नाही. दोन अब्ज डॉलरचे रस्ते-पूल सायनोहायड्रोने बांधायचे, फेड बॉक्साइटवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजावर, प्रक्रिया करून येणाऱ्या पैशातून. सरकार संसदेत म्हणालं, हे कर्जच नव्हे, वस्तुविनिमय आहे! आणि बॉक्साइट कुठलं, तर त्यात अतेवाच्या डोंगरी जंगलाचंही नाव. बिरिम, डेन्सू आणि आयेन्सू या तिन्ही नद्या त्या डोंगरात उगम पावतात. डेन्सूचं पाणी तर अक्रातल्या लाखो लोकांच्या नळाला येतं, त्यात मीही आलो. लोकांनी आरडाओरडा केला, कोर्टकचेऱ्या झाल्या. तामालेला पहिला उड्डाणपूल झाला, काही रस्ते झाले, पण त्या दोन अब्जांपैकी प्रत्यक्ष आले थोडेच. आता पाश्चात्त्यांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. साठच्या दशकात त्यांनी दिलेल्या कर्जाच्या मदतीने अकोसोंबोचं अजस्र धरण झालं, ऐंशी हजार माणसं उठली, आणि त्या स्वस्त विजेवर टेमाला अमेरिकन कंपनीचा ॲल्युमिनियमचा कारखाना चालला तो बाहेरून आणलेल्या ॲल्युमिनावर, म्हणजे प्रक्रिया केलेल्या बॉक्साइटवर. घानाचं बॉक्साइट कच्चंच बोटीत चढत राहिलं.

"कर्जाच्या सापळ्या"बद्दलही विचारलंस, म्हणजे न फेडता येणारं कर्ज देऊन चीन देशांना अडकवतो या आरोपाबद्दल. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने बहुतेक विदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. तेव्हा चीन सरकारचं देणं होतं दोन अब्ज डॉलरच्या आत. युरोबाँडवाल्यांचं, म्हणजे घानाचे डॉलरमधले रोखे विकत घेणाऱ्यांचं, तेरा अब्जांच्या आसपास! लंडन-न्यूयॉर्कच्या फंडांकडून घेतलेल्या त्या कर्जाला कोणी सापळा म्हणत नाही. कर्जाची फेररचना ठरवणाऱ्या समितीचं सहअध्यक्षपद फ्रान्स आणि चीनकडे होतं. चिनी मंडळी वाटाघाटीत चिवट, कागद दाखवायला नाखूष, पण शेवटी बसली आणि तोडगा निघाला. सरकारी रोख्यांत पुंजी ठेवलेले इथले पेन्शनर मात्र २०२३ मध्ये अर्थमंत्रालयाच्या दारात फलक घेऊन बसले होते. त्यांच्या पैशाला कात्री लागणार होती ती त्यांच्याच सरकारकडून.

मग लोकांचा राग चीनवर नाही का? आहे, पण तो धरणावर किंवा नाट्यगृहावर नाही. एक राग सोन्याचा. ग्वांगशी प्रांतातल्या शांगलिन तालुक्यातून हजारो माणसं यंत्रं घेऊन इथे आली, नदीकाठ उकरले, प्रा आणि ओफिन नद्या चहासारख्या लाल झाल्या. २०१३ मध्ये साडेचार हजारांवर लोकांना परत पाठवलं. पण जमीन दाखवणारे, मुखिये गाठून देणारे इथलेच होते, आणि चिनी गेल्यावरही नद्या निवळल्या नाहीत.

दुसरा राग समुद्राचा, आणि तो मी जवळून पाहतो. रविवारी सकाळी मी जेम्सटाऊनच्या किनाऱ्यावर मासे आणायला जातो (मंगळवारी नाही, इथले मूळचे गा लोक मंगळवारी समुद्रात होडी घालत नाहीत). चीनच्या अनुदानातून तिथे मासेमारी बंदर करायचं ठरलं आणि त्यासाठी २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या झोपड्या, मासे धुरावायच्या भट्ट्या पाडल्या. माझी नेहमीची मासेवाली तेव्हा हसून म्हणाली, "बंदर छान होईल, पण त्यात उतरवायचं काय?" तिच्या टोपात एकदा गोठवलेल्या माशांची लादी पाहिली. बोटाएवढी पिल्लं, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आकारात एकमेकांना चिकटलेली. याला इथे 'सायको' म्हणतात. मोठे ट्रॉलर होडीवाल्यांचीच मासळी ओरबाडतात, भर समुद्रात गोठवतात आणि त्याच होडीवाल्यांना विकतात. कायद्याने यावर बंदी आहे. ट्रॉलरची मालकी परक्यांकडे नसावी असाही कायदा आहे. म्हणून कागदोपत्री मालक घानाची कंपनी, आणि आत बहुतेक पैसा चिनी. २०२१ मध्ये युरोपीय संघाने घानाला याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे बेकायदा मासेमारी रोखा अशी ताकीद दिली. या ट्रॉलरना दरवर्षी परवाना कोण देतं? अक्रातलं मंत्रालय. म्हणून मला चिनी राजदूतापेक्षा त्या परवान्यावर सही करणाऱ्याची मुलाखत वाचायला जास्त आवडेल. ती कुठे छापून येत नाही.

बाकी तुझ्या पुतण्याला इथल्या भारतीय कंपनीत नोकरी मिळते आहे, तर खुशाल पाठव. पगार डॉलरमध्ये ठरवून घे म्हणावं, सेडीचा भरवसा नाही. पिवळ्या तापाची लस टोचून त्याच्या दाखल्याचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, विमानतळावर आधी तेच मागतात. आणि त्याच्याबरोबर दोन किलो भडंग पाठव, एक किलो वाटेतच संपेल.

तुझा,
बाळ्या