पेट्या वाटून झाल्या, आता मधाच्या भावाचं बोला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मधमाशीपालनाच्या बातम्या पेपरात नेहमी येतात, पेट्या वाटल्या, ट्रेनिंग झालं, फोटो पण असतो. पण पुढच्या वर्षी त्या पेट्यांचं काय झालं, मध कोणी घेतला आणि काय भावानं घेतला हे कुठंच वाचायला भेटत नाही म्हणून लिहितो आहे. आमच्या मोर्शी-वरुड भागात रिकाम्या पेट्या गोठ्यात पडलेल्या दिसतात आणि ती माणसं आळशी नाहीत हे आधीच सांगतो, त्यांना भावानं मारलं.

केंद्रानं मध मिशनला ५०० कोटी दिले, चांगलंच केलं. उत्पादन वाढलं, एक्सपोर्ट पण वाढला. पण आकडे जरा नीट बघा. २०२२-२३ ला आपण जवळपास ८० हजार टन मध बाहेर पाठवला आणि १६२२ कोटी आले, म्हणजे किलोला २०३ रुपये. पुढच्याच वर्षी माल गेला १ लाख ८ हजार टन आणि पैसे आले १४७१ कोटी, किलोला १३६ रुपये! माल सव्वापटीच्या वर गेला आणि पैसा घटला. मार्च २०२४ मध्ये सरकारला टनामागं २००० डॉलरची किमान निर्यात किंमत लावावी लागली ती ह्याच्याचमुळं. आणि हा झाला एक्सपोर्टरचा भाव, त्यातून डबे, टेस्टिंग, गाडीभाडं, व्यापाऱ्याचा नफा काढला तर पेटीवाल्याच्या हातात काय उरत असेल ते कोणत्याही कास्तकाराला सांगायची गरज नाही, आपल्या कापसाचं तेच तर होते.

खर्च मात्र कमी होत नाही. पेटीतली मेलिफेरा, म्हणजे युरोपियन जातीची माशी एका जागी ठेवून पोट भरत नाही, फुलोरा असेल तिथं पेट्या ट्रकनं न्याव्या लागतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, वावरात एक फूल नाही, तेव्हा पेट्यांना सावली करा, पाणी ठेवा, साखरेचा पाक पाजा, पावसाळ्यात पुन्हा पाक. योजनेत दहा पेट्या भेटतात पण हा वर्षभराचा खर्च मध विकूनच काढायचा असतो.

भाव पडायचं मोठं कारण भेसळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) ह्या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेनं १३ ब्रँडचा मध तपासला, त्यातले फक्त ३ सगळ्या टेस्टमध्ये पास झाले. उसाची, मक्याची साखर जुन्या टेस्टमध्ये सापडते, तांदळाचं सिरप त्यातून निसटतं, त्याला एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) ही पुढची प्रयोगशाळेतली टेस्ट लागते. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला ही टेस्ट ऑगस्ट २०२० पासून सक्तीची आहे आणि आपल्या लेकरांनी खायच्या मधाला नाही! असं काऊन? सिरप स्वस्तात बनते, त्याच्यासोबत खऱ्या मधानं भावात कसं टिकायचं? देशातल्या बाटलीला पण हीच टेस्ट लावा, पेटीवाल्याला दुसऱ्या कोणत्या अनुदानापेक्षा त्याचा जास्त फायदा होईल.

दुसरं, माशीचं खरं उत्पन्न मधात कमी आणि परागीभवनात जास्त आहे. बुलडाण्याकडं कांद्याचं बियाणं घेतात, माशी फिरली नाही तर गोंड्यात बी भरत नाही, सूर्यफुलाचं तसंच. तिथं पेट्या भाड्यानं ठेवायची पद्धत गावोगाव बसली तर पेटीवाल्याला मध विकायच्या आधीच दोन पैसे भेटतील. पण मग फवारणीचं ठरवावं लागेल, फुलावर आलेल्या पिकात भर दुपारी औषध मारलं तर शेजारच्या धुऱ्यावरच्या पेट्या संपल्याच समजा.

जंगलातल्या मधाचं तर कोणी बोलतच नाही. आग्या माशी पेटीत राहत नाही, मेळघाटात कोरकू माणसं जीव धोक्यात घालून उंच झाडावरून तो मध काढतात. केंद्रानं २०२० मध्ये त्याला किलोला २२५ रुपये हमीभाव जाहीर केला, पण तिकडच्या ओळखीच्या लोकांकडून ऐकतो ते हेच की गावात येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं त्यात मधमाशा पण होत्या, त्याच विदर्भात आज हमीभावानं मध घेणारा काटा सापडत नाही ह्याचं फार वाईट वाटते.

राज्याच्या मध केंद्र योजनेत पण हमीभावानं खरेदीची तरतूद आहे. तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की अमरावती, यवतमाळ, वर्धा, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मागच्या तीन वर्षांत किती पेट्या दिल्या, त्यातल्या किती चालू आहेत, किती किलो मध खरेदी झाला आणि काय भावानं, एवढी माहिती मागवून छापावी.

आपला नियमित वाचक,
एक संत्रा कास्तकार, ता. मोर्शी, जि. अमरावती